फोटोत न येणारी किडनी

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

लासलगाव म्हटलं की कांदा. १९४७ साली इथली बाजार समिती सुरू झाली, आणि आज ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाचा गलका, मापारी, हमाल, व्यापारी हे सगळं मिळून आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण आज मला कांद्याच्या भावाबद्दल बोलायचं नाहीये. आज बोलायचंय किडनीबद्दल, आणि बीपीबद्दल.

पण सुरुवात कांद्यापासूनच करतो, कारण धागा तिथेच आहे.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं एक विकिरण केंद्र आहे. २००२ मध्ये ते सुरू झालं. नाव 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ आहे. त्यातून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की कांद्याला कोंब येत नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेला हापूस पाठवायचा होता, तेव्हा त्या आंब्यांवर विकिरण इथेच झालं. म्हणजे ज्या गावात अजूनही कांदा हातात घेऊन, दाबून, वास घेऊन पारखतात, त्याच गावात अणुशास्त्रही येऊन बसलेलं आहे.

आता हेच गॅमा किरण, अर्थात दुसऱ्या पदार्थातून आणि फार कमी प्रमाणात, माणसाच्या किडनीचं काम बघायला वापरतात. मग साधा प्रश्न पडतो. कांद्याचा कोंब फुटण्याआधी आपण रोखू शकतो, तर बीपीमुळे किडनीत होणारा बिघाड सुरुवातीलाच फोटोत पकडता येतो का?

हा प्रश्न मला आपल्याकडच्या एका वाक्यामुळे महत्त्वाचा वाटतो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर ते वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय: "बीपी आहे थोडं, पण सोनोग्राफी केली, किडनी एकदम नॉर्मल." आणि तेवढ्यावर गोळी बंद.

या वाक्यात काय गडबड आहे, हे कळायला आपल्याला जवळजवळ २०० वर्षं मागे जावं लागेल.

चमचा आणि मेणबत्ती

१८२७ साल. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगाला सूज आलेले रुग्ण ते बघायचे आणि रुग्ण दगावला की शवविच्छेदन करायचे. त्यांना दिसलं की अशा अनेकांच्या किडन्या खडबडीत आणि आकसलेल्या आहेत. आणि हे जिवंतपणी ओळखायची एक युक्ती त्यांनी वापरली. चमच्यात लघवी घ्यायची, मेणबत्तीवर धरायची. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर जसा घट्ट होतो तशी ती साकळली, की समजायचं लघवीतून प्रथिन जातंय. किडनीची गाळणी फाटलेली आहे.

१८३६ मध्ये ब्राइट यांनी असे शंभर रुग्ण एकत्र मांडले. त्यांच्या लक्षात आलं होतं की यातल्या बऱ्याच जणांचं हृदय मोठं झालेलं असतं, आणि तेही हृदयाच्या झडपा ठीक असताना. त्यांनी अंदाज बांधला की बारीक रक्तवाहिन्यांमधून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असणार. लक्षात घ्या, तेव्हा बीपी मोजायचं यंत्र दवाखान्यात नव्हतंच. हाताला पट्टा बांधायची पद्धत इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये आणली आणि स्टेथोस्कोपनं वरचा-खालचा आकडा ऐकायची युक्ती रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. ब्राइट त्याच्या किती आधीचे!

म्हणजे किडनी आणि रक्तदाब यांचं नातं कळलं ते एका चमच्यामुळे. पण आधी कोण? किडनी बिघडते म्हणून दाब वाढतो, की दाब वाढतो म्हणून किडनी बिघडते?

पाटण्याच्या घराण्यातला डॉक्टर

या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूस मला फार आवडतो. त्याचं नाव फ्रेडरिक अकबर महोमेद. आजोबा होते शेख दीन महोमेद, जन्म पाटण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरी करून ते विलायतेला गेले, आणि १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. त्यांचा हा नातू त्याच गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला.

महोमेद यांच्या हातात एक यंत्र होतं, स्फिग्मोग्राफ. मनगटाच्या नाडीवर ते बसवायचं, नाडी उडाली की काडी हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. म्हणजे नाडीचं चित्रच म्हणा ना. मूळ यंत्र फ्रान्सच्या मारे यांचं, महोमेद यांनी त्यात सुधारणा केली. आणि रुग्णांच्या रेघा जमवता जमवता त्यांना दिसलं की काही लोकांच्या नाडीत जास्त दाबाची खूण स्पष्ट आहे, पण लघवी मात्र स्वच्छ! १८७४ मध्ये त्यांनी हे मांडलं: लघवीत प्रथिन येण्याच्या आधीचीही एक पायरी असते, आणि त्या पायरीवर दाब आधीच वाढलेला असतो.

आपल्या आजच्या विषयाची खरी सुरुवात ही. किडनीचं नुकसान दिसण्याआधी काहीतरी कळू शकतं, हे पहिल्यांदा ठामपणे सांगितलं गेलं ते इथे. महोमेद १८८४ मध्ये टायफॉइडनं गेले. वय अवघं ३५.

डोळ्यातून किडनी

आता मध्ये एक छोटं वळण घेऊ. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता, उघड्या दिसतात अशी एकच जागा आहे. डोळ्याचा पडदा. १८५१ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं उपकरण बनवलं. त्यानंतर काही वर्षांतच किडनीच्या रुग्णांच्या पडद्यावरचे डाग आणि रक्तस्राव डॉक्टर टिपू लागले. १९३९ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी बीपीच्या रुग्णांच्या पडद्यातल्या बदलांचे चार टप्पे ठरवले, आणि चौथ्या टप्प्यातले रुग्ण फार काळ जगत नाहीत हे दाखवलं.

डोळ्याचा पडदा आणि किडनी, दोन्हीकडे बीपीचा मार बसतो तो बारीक धमन्यांवर. म्हणून जुने डॉक्टर बीपीच्या पेशंटचा डोळा बघायचेच. २०२० मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी तर डोळ्याच्या पडद्याचे फोटो संगणकाला दाखवून त्यावरून किडनीचा जुना आजार ओळखायचा प्रयोग प्रसिद्ध केला. म्हणजे किडनीचा फोटो न काढता, डोळ्याचा फोटो काढून किडनीबद्दल बोलायचं.

एक्स-रे आला, आणि शिकार सुरू झाली

१८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले. हाडं दिसू लागली, किडनी मात्र नाही, कारण ती मऊ. १९२९ मध्ये बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरनं आयोडीन असलेलं एक औषध शिरेतून देऊन किडनीतून उतरताना त्याचे एक्स-रे काढले. आपल्याकडे मुतखड्यासाठी पूर्वी 'आयव्हीपी' नावाची तपासणी सांगायचे ना, ती हीच.

पाच वर्षांनी, १९३४ मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. किडनीकडे जाणाऱ्या धमनीला चिमटा लावून ती थोडी आवळली. कुत्र्यांचं बीपी वाढलं! किडनीला रक्त कमी पडलं की ती 'दाब वाढवा' असा संदेश सोडते, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या निघाल्या. दाब किडनीला मारतो आणि मार बसलेली किडनी दाब आणखी वाढवते. सासू-सुनेच्या भांडणासारखं, कोणी सुरू केलं ते बाजूलाच राहतं आणि आवाज वाढत जातो.

त्यानंतरची काही दशकं ज्याला त्याला ती आवळलेली धमनी शोधायची होती. आयव्हीपीचे फोटो मिनिटामिनिटाला काढायचे आणि कुठल्या किडनीत औषध उशिरा पोचतंय ते बघायचं. पुढे थेट धमनीत औषध सोडून फोटो, मग सीटी, मग एमआरआय. अरुंद धमनी सापडली की फुगा घालून ती फुगवायची, स्टेंट बसवायचा. तर्क सरळ होता: दिसलं, दुरुस्त केलं, काम झालं.

पण तसं झालं नाही. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये पुढाकार घेऊन केलेल्या 'अ‍ॅस्ट्रल' चाचणीचे निकाल आले. ८०६ रुग्ण. अर्ध्यांना औषधं आणि स्टेंट, अर्ध्यांना फक्त औषधं. किडनीच्या बाबतीत स्टेंटवाल्यांना ठळक फायदा झाला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'कोरल' या मोठ्या चाचणीनंही तेच सांगितलं. काही निवडक रुग्णांना स्टेंटचा उपयोग होतो, तो आजही बसवतात. पण वयामुळे कठीण झालेल्या धमन्यांच्या बहुतेक रुग्णांना नीट घेतलेल्या गोळ्यांनीच तेवढा फायदा होत होता. ठळक चित्र दिसलं म्हणजे इलाज सापडला, हे समीकरण इथे मोडलं.

ट्रॉम्बेहून परळला, परळहून लासलगावला

आता आपल्या गॅमा किरणांकडे येऊ. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टी आली की नुसती वीज डोळ्यांपुढे येते, पण तिथे आयसोटोपही बनतात. १९६३ मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. भारतात आयसोटोप वापरून रोगनिदान करण्याची परंपरा उभी राहिली त्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे.

किडनीसाठी यात 'डीटीपीए स्कॅन' करतात. टेक्नेशियम नावाचा पदार्थ अगदी थोडा शिरेतून देतात. तो दर सहा तासांनी निम्मा होत जातो, म्हणून शरीरात फार काळ राहत नाही. किडनी तो गाळते आणि बाहेरचा गॅमा कॅमेरा ते मोजतो. लासलगावच्या कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं आणि त्याचे किरण कितीतरी जास्त ताकदीचे, कारण तिथे कोंब मारायचाय. इथे नुसतं बघायचंय. एकाच घराण्यातले दोन भाऊ, एक कुस्तीत आणि एक कारकुनीत, असं म्हणा.

या स्कॅनमध्ये किडनीचा देखणा फोटो येत नाही. येतो एक आलेख: डावी किती काम करते, उजवी किती. हे फार उपयोगी आहे. एक किडनी मंद पडली असेल, कुठे अडथळा असेल, तर कळतं. पण बीपीनं नुकतीच सुरू केलेली पडझड? तेव्हा दोन्ही किडन्या सारख्याच, हळूहळू सोसत असतात आणि उरलेल्या गाळण्या जादा काम करून आकडा सांभाळून धरतात. आलेख छान दिसतो.

सोनोग्राफी, आणि आपल्या राज्याचा कायदा

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातली चित्रं काढण्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. किरणं नाहीत, सुई नाही, खर्च कमी. पुढच्या काही दशकांत हे यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत आलं.

आपल्याकडे या यंत्राच्या इतिहासात एक काळं पान आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्यासाठी गर्भलिंग तपासणी होऊ लागली. त्याविरुद्ध मुंबईत कार्यकर्त्यांची चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंग निदानावर बंधन घालणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. १९९४ मध्ये देशाचा कायदा आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. म्हणूनच सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ती पाटी असते, यंत्राची नोंदणी लागते, आणि खिशात मावेल असं यंत्र असलं तरी ते घेऊन वस्तीवस्तीवर कुणालाही फिरता येत नाही. मुलींच्या जिवासाठी हे बंधन हवंच आहे. पण त्याचा अर्थ असाही की गावोगाव यंत्र फिरवून किडन्या तपासू, ही कल्पना आपल्याकडे कागदावर वाटते तितकी सोपी नाही.

आणि तपासल्या तरी काय दिसेल? इथे मला जरा किडनीच्या आत जावं लागेल.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतात. प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी धमनी केसापेक्षाही बारीक. बीपीचा पहिला घाव तिथे बसतो. तिची भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि मग ती गाळणी सुकते.

आपल्या निफाड तालुक्यात ठिबक सगळ्यांना माहीत आहे. समजा मेन लाइनचं प्रेशर वर्षभर जास्त राहिलं, आणि एकेक ड्रिपर खराब होत गेला. बांधावर उभं राहून बघितलं तर शेत हिरवंच दिसतं. दहा-वीस झाडं वाळली तरी कळत नाही. पट्टाच्या पट्टा पिवळा पडला की मग कळतं. सोनोग्राफी म्हणजे बांधावरून बघणं. तिला अर्धा-एक मिलिमीटरपेक्षा बारीक काही नीट दिसत नाही आणि बिघाड आहे त्याच्याही कितीतरी खाली, केसाएवढ्या नळीत.

सोनोग्राफीत किडनी लहान झालेली दिसली, बाहेरचा थर पातळ दिसला, रंग जास्त पांढरट दिसला, तर तो पट्टा पिवळा पडलेला आहे. म्हणजे उशीर झालेला आहे. मग सोनोग्राफी निरुपयोगी का? अजिबात नाही. मुतखडा, अडथळा, जन्मापासूनची एकच किडनी, गाठी भरलेल्या किडन्या, दोन किडन्यांच्या आकारातला फरक, हे सगळं तीच दाखवते. पण 'नॉर्मल' या शब्दाचा तिच्या रिपोर्टमधला अर्थ 'मोठी मोडतोड दिसत नाही' एवढाच आहे. 'बीपीनं काहीच केलेलं नाही' असा नाही.

नवी यंत्रं काय म्हणतात

गेल्या ३०-४० वर्षांत फोटो आणखी आधी काढता यावा यासाठी बरीच खटपट झाली.

पहिली, डॉपलर. सोनोग्राफीच्याच यंत्रानं किडनीतल्या रक्ताचा वेग मोजतात आणि त्यातून रक्ताला किती अटकाव होतोय याचा आकडा काढतात. तो ०.७०च्या वर गेला तर जास्त मानतात. बीपीच्या रुग्णांत तो वाढलेला सापडतो. अडचण अशी की वयानं मोठ्या धमन्या कडक झाल्या तरी तो वाढतो. म्हणजे दोष किडनीचा की सगळ्या शरीराचा, हे त्या आकड्यावरून सुटत नाही.

दुसरी, इलॅस्टोग्राफी. अवयव किती टणक झालाय ते मोजायचं. यकृतासाठी हे छान चालतं. किडनी मात्र खोल असते, तिच्या आतली रचना एका दिशेला रेषा मारल्यासारखी असते, आणि आतल्या रक्ताच्या दाबानंही टणकपणा बदलतो. त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

तिसरी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. १९९६ मध्ये बोस्टनमध्ये पोट्टुमार्ती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय वापरून किडनीच्या आत ऑक्सिजन किती आहे याचा नकाशा काढला. कुठलंही औषध टोचायची गरज नाही. ऑक्सिजन सोडून दिलेलं रक्त चुंबकाला वेगळं वागतं, तेवढ्यावर हे चालतं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या गटानं दाखवलं की किडनीच्या जुन्या आजारात ज्यांच्या किडनीच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजन कमी, त्यांची किडनी पुढच्या काळात जास्त वेगानं ढासळली. हे मोठं पाऊल आहे. कारण इथे आपण किडनीचा आकार बघत नाही, तिचा श्वास बघतोय.

पण अजून हे संशोधनाच्या खोलीत आहे. पाणी किती प्यायलात, जेवणात मीठ किती होतं, यानंही नकाशा बदलतो. सगळीकडे एकसारखं मोजायची पद्धत अजून बसतेय. निफाड-येवल्याच्या माणसाला नाशिकला जाऊन ही तपासणी करून घ्या, असं आज कुठलाही शहाणा डॉक्टर सांगणार नाही.

मुंबईचे दोन डॉक्टर

मग आपण करायचं काय? याचं उत्तर मला मुंबईत काम केलेल्या दोन डॉक्टरांच्या गोष्टीत सापडतं.

पहिले डॉ. रुस्तम जाल वकील. १९४० पर्यंत बीपीवर म्हणावं असं औषधच नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, त्यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या डॉक्टरांकडे द्यायला धड काही नव्हतं. १९४५ मध्ये ते मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. इकडे मुंबईत वकील आपल्या रुग्णांना सर्पगंधा देत होते. ही वनस्पती भारतात वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती, आणि भारतीय डॉक्टरांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिलंही होतं. १९४९ मध्ये वकील यांचा सर्पगंधावरचा लेख एका ब्रिटिश नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. त्यातूनच पुढे रेसरपिन हे औषध वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दुसरे डॉ. एम. के. मणी. १९७५ मध्ये आणीबाणीत अटकेत असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या. सुटकेनंतर त्यांना मुंबईला जसलोक रुग्णालयात आणलं, आणि तिथे त्यांच्यावर उपचार करणारे किडनीतज्ज्ञ होते डॉ. मणी. डायलिसिस म्हणजे काय, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी घराघरात पोचवलं. १९७९ मध्ये पाटण्याला जेपींचं निधन झालं, तोपर्यंत ते डायलिसिसवरच होते.

पुढे मणी चेन्नईला गेले. डायलिसिस आणि किडनीरोपण आपल्या देशातल्या बहुतेकांना परवडणारच नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी श्रीपेरुंबुदुरजवळच्या खेड्यांमध्ये एक काम सुरू केलं. गावातल्याच शिकलेल्या मुलींना तयार केलं. त्या घरोघरी जायच्या, बीपी मोजायच्या आणि लघवीत एका आम्लाचे थेंब टाकून प्रथिन आहे का ते बघायच्या. गढूळ झाली की प्रथिन आहे. ओळखलंत? ब्राइट यांचा चमचाच, फक्त मेणबत्ती नाही! ज्यांना गरज असेल त्यांना स्वस्तातली स्वस्त औषधं दिली. त्यात एक होतं रेसरपिन, म्हणजे आपली सर्पगंधा. खर्च यायचा माणशी वर्षाला अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी.

फोटो एकही नाही. आणि तरीही किडन्या वाचवायचं काम चाललं होतं.

तर मग आपल्यासाठी

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ वर्षांवरच्या दर चार-पाच माणसांत एकाला बीपी आहे. म्हणजे लिलावाला दहा ट्रॅक्टर उभे असतील तर त्यातल्या दोघा चालकांना. त्यातल्या कित्येकांना ते माहीत नाही, कारण दुखत काही नाही. किडनी तर त्याहून मुकी. निम्मी ताकद जाईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनीनसुद्धा रेषेच्या आत राहू शकतं.

मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. पण या २०० वर्षांच्या गोष्टीतून एक क्रम फार स्पष्ट दिसतो. आधी दाब कळतो, मग लघवी सांगते, मग रक्त सांगतं आणि सगळ्यांत शेवटी फोटो. आपण नेमके उलटीकडून सुरू करतो, कारण फोटोवर आपला विश्वास बसतो.

म्हणून बीपी निघालं असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, जिच्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचं प्रमाण काढतात. ते ३० मिलिग्रॅमच्या वर असेल तर गाळणी झिरपायला लागली आहे असं समजतात, आणि नक्की करायला तपासणी पुन्हा करतात. दोन, रक्तातलं क्रिएटिनीन आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग. वर्षातून एकदा. जमल्यास डोळ्याचा पडदाही बघून घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच. सोनोग्राफी डॉक्टरांनी सांगितली तर जरूर करा. ती लघवीच्या तपासणीची जागा घेत नाही, एवढं डोक्यात ठेवा.

आणि एक गोष्ट आपल्या गावासाठी खास. पन्नास किलोची गोणी दिवसभर उचलणाऱ्या माणसाची पाठ दुखणारच. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घ्यायची, रोज घ्यायची, ही सवय आपल्याकडे हमालांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांना आहे. त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. बीपी असलेल्यानं उन्हात, पाणी कमी पिऊन, रोज अशी गोळी घेणं म्हणजे ठिबकला दोन्हीकडून मार. दुखणं खरं आहे, गोळी हवी असेल तर डॉक्टरांना बीपी आहे हे सांगून घ्या.

घरी कुणाचं बीपी असेल तर हा भाग त्यांना ऐकवा, किंवा हे वाचून दाखवा. आणि "सोनोग्राफी नॉर्मल आहे" असं उत्तर आलं, तर शांतपणे पुढचा प्रश्न विचारा: लघवी तपासली का?

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.